देवासच्या पराभवाचा शास्त्रीय अहवाल

जानेवारीतली सकाळ देवासला टेकरीच्या परवानगीने येते. सूर्य केव्हाच उगवलेला असतो, वर्तमानपत्रात त्याची वेळही छापून आलेली असते; परंतु टेकरीच्या सावलीतल्या गल्ल्यांना तो तासभर तरी लाभत नाही. आधी उजळतात त्या गच्च्यांवरच्या काळ्या टाक्या. मग केबलच्या तारेवरून एक बारीक सोनेरी रेघ सरकत जाते आणि मध्येच बसलेल्या कबुतरापाशी थबकते. समोरच्या गच्चीवर वाळत घातलेली गोधडी एका कडेने उजळू लागते आणि ठिगळामागून ठिगळ करत सगळी उजळते. खाली पोहेवाल्याच्या पातेल्यावरची वाफ इतका वेळ राखाडी असते. तिच्यात कुणी दूध ओतावे तशी ती पांढरी होते. त्या प्रकाशाला कसलीही घाई नसते. भिंतीवरून उतरताना तो एकेक पोपडा पाहून घेतो, खिडकीच्या गजांपाशी निमूटपणे आपले तुकडे होऊ देतो आणि खोलीतल्या टेबलावर येऊन पुन्हा एक होतो. त्याला वेग नसतो, बळ नसते, आणि तरीही तो रोज वेळेवर जिथे पोहोचायचे तिथे पोहोचतो.

त्या रविवारी तो आधी शंतनूच्या शिट्टीवर आला, मग स्टॉपवॉचवर, मग स्केचपेनांनी आखलेल्या सहा आठवड्यांच्या तक्त्यावर, मग बारा पानी अहवालावर. शेवटी तो अहवालाच्या दोन्ही बाजूंना पालथे टेकलेल्या हातांपर्यंत आला. शंतनूने काही कारण नसताना हात उलटे केले. तळव्यांवर हळदीचा फिका डाग अजून होता. बाकी काही नव्हते.

त्याने हात मांडीवर घेतले आणि अहवालाचे शीर्षक पुन्हा वाचले: ‘देवास संघाच्या पराभवाची शास्त्रीय कारणमीमांसा’. दहा वाजता मंडळाची बैठक होती.

माळव्यातल्या धार आणि देवास इथल्या मराठी मंडळांचे एक संयुक्त स्नेहसंमेलन दर जानेवारीत भरते, एक वर्ष इकडे, एक वर्ष तिकडे. त्यात नाट्यगीते होतात, पाककृतींची स्पर्धा होते, गुणवंत विद्यार्थ्यांना पेन मिळते; पण हे सगळे रस्सीखेचीची वेळ होईपर्यंत लोकांना बसवून ठेवण्यासाठी असते, हे गाणाऱ्यांनाही ठाऊक असते. आठ विरुद्ध आठ, तीन खेची. जो जिंकेल त्याच्या गावी तो दोरखंड वर्षभर राहतो, सभागृहात खिळ्याला टांगून, आणि खंडेनवमीला तलवारींच्या शेजारी ठेवून त्याची पूजा होते. दोन्ही गावांत एके काळी दरबार होते. तलवारी अजून आहेत, त्या उपसणारे कुणी नाही. तेव्हा उरलेसुरले सगळे शौर्य त्या दोरखंडात गोळा झाले आहे. गेली अकरा वर्षे तो धारला आहे. अकरा वर्षे देवासच्या सभागृहात खंडेनवमीला रिकाम्या खिळ्याला हळदकुंकू वाहिले जाते, आणि तेही तितक्याच भक्तिभावाने.

यंदा मंडळाने शास्त्राचा आधार घ्यायचे ठरवले. शास्त्र म्हणजे शंतनू.

शंतनू सव्वीस वर्षांचा होता. त्याने शारीरिक शिक्षणात पदव्युत्तर पदवी घेतली होती आणि तो एका खाजगी शाळेत हंगामी क्रीडाशिक्षक होता. तिथे तो अकरावीच्या मुलांना शारीरिक क्षमतेचे घटक शिकवी: बळ, वेग, सहनशक्ती, लवचीकता, समन्वय. हिंदीतून शिकवी, न अडखळता शिकवी, आणि शिकवताना खिडकीबाहेर पाही. मुलांना त्या धड्यावर पैकीच्या पैकी गुण मिळत. स्वतः शंतनूने कोणत्याही मैदानावर कधी काही जिंकले नव्हते. हरण्याइतका वेळही तो मैदानावर थांबला नव्हता. लोकांनी आपल्याकडे पाहिले की त्याला आपले हातपाय परक्याचे वाटत. अशा माणसाने हा विषय का घेतला, असे त्याला कुणी विचारले नव्हते, आणि कुणी विचारू नये म्हणून तो नेहमी गळ्यात शिट्टी घालून फिरे.

“तू तो कसरतीचा कोर्स केलास ना रे?” मंडळाचे अध्यक्ष जयसिंगराव यांनी दिवाळीनंतर त्याला बोलावून विचारले होते. जयसिंगरावांना हळू बोलता येत नसे. ते सांत्वनही घोषणेसारखे करत.

“शारीरिक शिक्षण, काका. पोस्ट ग्रॅज्युएशन.”

“तेच ते. मग आमच्या आठ जणांना पोस्ट ग्रॅज्युएट कर. सहा आठवडे आहेत.”

त्या सहा आठवड्यांचा तक्ता शंतनूने चार रात्री जागून आखला. त्यात प्रशिक्षणाची सगळी तत्त्वे होती, प्रत्येक तत्त्वाला स्वतंत्र रंग होता. सकाळी सहाला शाळेच्या मैदानावर आठ माणसे जमत: दोन बँकेतले, तीन कारखान्यातले, एक विमा एजंट, एक औषधांच्या दुकानाचा मालक आणि एक सेवानिवृत्त. आठांचे मिळून वजन भरपूर होते, त्यामुळे सुरुवात आशादायक होती.

वाढत्या भाराचे तत्त्व जयसिंगरावांच्या जुन्या जीपवर राबवण्यात आले. ट्रकवाल्याकडून आणलेला दोर जीपला बांधायचा, जीप न्यूट्रलमध्ये ठेवायची आणि आठांनी ती ओढायची. पहिल्या आठवड्यात जीप रिकामी होती. दुसऱ्या आठवड्यात तिच्यात जयसिंगराव बसले. तिसऱ्या आठवड्यात त्यांच्याबरोबर कार्यकारिणीचे दोन सदस्य बसले आणि वर्तमानपत्र वाचू लागले. चौथ्या आठवड्यात त्यांच्यापैकी कुणीतरी नकळत हँडब्रेक ओढला, आणि तीन दिवस कुणाच्या ते लक्षात न आल्याने भार एकदम अनंत झाला. व्यक्तिभिन्नतेचे तत्त्व प्रत्येकाला इतके पटले की ज्याला जो व्यायाम नको होता तो आपल्या प्रकृतीला मानवत नाही, असे त्याने लगेच जाहीर केले. विश्रांतीचे तत्त्व मात्र सर्वांनी एकमताने आणि पहिल्याच दिवशी आत्मसात केले.

“सर, वॉर्म-अप तर झालं,” अंकुर म्हणे. तो बँकेत होता, दोरावर सर्वांत पुढे उभा राही आणि तोंडाने आठांचे काम एकटा करी. “आता पोहे कुठे?”

“अजून लवचीकतेचे व्यायाम राहिले आहेत.”

“अरे भिया,” तो माळवी थाटात म्हणे, “माझी लवचीकता बघायचीय तर कचोरी खाली ठेवा. बघा कसा वाकतो!”

सगळे हसत. शंतनूही हसल्यासारखे करी आणि तक्त्यात ‘लवचीकता’ या रकान्यात पेन्सिलीने एक हलकी फुली मारी. त्या फुल्यांना एक उदास सौंदर्य होते; संध्याकाळी त्या पाहत बसले की एखाद्या ओसाड बागेचा नकाशा पाहिल्यासारखे वाटे.

या आठांत वेळेवर येणारा आणि न बोलणारा माणूस एकच होता: गोपाळराव. वय एकसष्ट. तरुणपणी साताऱ्याकडून इथल्या कारखान्यात कामाला आले, छत्तीस वर्षे एकाच यंत्रावर राहिले आणि गेल्या मार्चमध्ये नारळ, शाल आणि भिंतीवरचे घड्याळ घेऊन बाहेर पडले. बायको चार वर्षांपूर्वी गेली. मुलगा पुण्याला असतो, दर रविवारी त्याचा फोन येई, “बाबा, आता कायमचे या.” गोपाळराव म्हणत, “जानेवारीत खेच आहे रे. ती झाली की बघू.” ती झाली की पुढच्या जानेवारीची असे. साथीची दोन वर्षे सोडली तर बावीस वर्षे दोराच्या शेवटी तेच उभे होते. रस्सीखेचीत शेवटच्या गड्याला इथे खुंटा म्हणतात. दोराचे टोक तो अंगाभोवती घेतो, काखेतून पाठीवर आणि पाठीवरून खांद्यावर, आणि टाचा जमिनीत रोवून उभा राहतो. पाठ सोलू नये म्हणून गोपाळरावांनी यंत्राचा एक टाकून दिलेला पट्टा आणला होता आणि त्याला आतून गोणपाट शिवले होते. वर्षभर तो त्यांच्या दाराआड टांगलेला असे. कारखान्याचा बिल्ला परत द्यावा लागला होता. पट्टा कुणी मागितला नव्हता.

शंतनूने सर्वांच्या घटकवार चाचण्या घेतल्या, तेव्हा गोपाळरावांनी पाय पसरून हात पुढे केले. बोटे अंगठ्यापासून वीतभर अलीकडेच राहिली. ‘लवचीकता: अल्प.’ वीस पावले धावले. ‘वेग: नगण्य.’ एका पायावर उभे राहिले, चारच सेकंद. ‘संतुलन: चिंताजनक.’ बळाच्या रकान्यात काही लिहिता आले नाही, कारण हाताची पकड मोजायच्या शाळेच्या यंत्राचा काटा शेवटाला गेला आणि तिथेच अडकून बसला. यंत्र बिघडल्याची नोंद शंतनूने केली.

“काका, तुम्ही हे कसं करता?” त्याने एकदा विचारले होते.

गोपाळरावांनी बराच वेळ विचार केला. “धरून राहतो,” ते म्हणाले.

शंतनूने वही मिटली. यात लिहून घेण्यासारखे काही नव्हते.

संमेलन यंदा धारला होते. बस सकाळी आठला पोहोचली, आणि धारकरांनी पाहुण्यांना आधी भरपेट नाश्ता दिला. देवासच्या धारमधल्या पराभवांत या नाश्त्याचा वाटा किती, याचा अभ्यास अजून व्हायचा आहे. दुपारी मैदानावर चुन्याच्या रेषा पडल्या. दोरखंड खिळ्यावरून उतरवून, हार घालून, दोघांच्या खांद्यावरून मिरवत आणला गेला. तेवढ्यात देवासच्या सातव्या जागेवरचे अरविंद, ते औषधांच्या दुकानाचे मालक, खुर्चीवर बसून घाम पुसू लागले. रक्तदाब वाढला होता. गोळी त्यांच्या दुकानात होती, देवासला.

“सर, तुम्हीच उतरा!” अंकुर ओरडला.

“मी? मी तर प्रशिक्षक आहे.”

“अरे, सातव्या जागेवर काय करायचं असतं? मागे गोपाळकाका आहेत. तुम्ही फक्त धरल्यासारखं करा!”

धारचा कप्तान वीरेंद्र हात चोळत हसला. “या मास्तर, या. थोडं थिअरीचंही वजन पडू दे.”

शंतनूने शिट्टी काढून खिशात ठेवली. सगळे मैदान आपल्याकडे पाहते आहे, असे त्याला वाटले. प्रत्यक्षात सगळे दोराच्या मधल्या लाल फडक्याकडे पाहत होते, आणि मोबाईलही तिकडेच रोखलेले होते. तो सातव्या जागेवर उभा राहिला. मागून गोपाळरावांच्या श्वासाचा आवाज येत होता, जुन्या, नीट तेल घातलेल्या यंत्रासारखा.

पहिली खेच धारने घेतली. दुसरी, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, देवासने. अकरा वर्षांत असे झाले नव्हते. तिसऱ्या खेचीला पंचांनी हात खाली आणला आणि दोर इतका ताणला गेला की तो बारीक आवाजात बोलू लागला. “जोर लगा के!” “हईसा!” लाल फडके देवासकडे येऊ लागले. एक हात राहिला. अर्धा हात. बायका उभ्या राहिल्या. जयसिंगराव काय ओरडत होते ते बहुधा त्यांच्याही कानांपर्यंत पोहोचत नव्हते. फडके रेषेपासून चार बोटांवर आले.

पुढे जे झाले त्यासाठी अहवालात दोन परिच्छेद होते. दोर तळहातांतून सरकू लागला. आधी ऊब, मग चटका. त्या वेळी सातव्या जागेवरील खेळाडूने आपली पकड पुनर्रचित केली. त्याच वेळी, आणि या दोन घटनांचा परस्परसंबंध सिद्ध झालेला नाही, आठव्या जागेवरील खेळाडूचे संतुलन ढळले. गोपाळराव पुढे ओढले गेले, गुडघ्यांवर आपटले, आणि दोर अंगालाच गुंडाळलेला असल्याने पोत्यासारखे चार फूट फरफटत गेले. पुढचे सहा जण पत्त्यांसारखे कोसळले. आवाज झाला तेव्हा सगळ्यांनी वळून पाहिले, आणि सगळ्यांना जमिनीवर पडलेले गोपाळराव दिसले. शंतनू उभाच होता. त्याच्या संतुलनाला काही झाले नव्हते.

धारची एक रीत आहे. जिंकलेल्या गावची वडीलधारी बाई हरलेल्या आठांच्या तळहातांना हळद-तूप लावते. ही रीत कुणी घातली कोण जाणे. औषधाचे औषध होते आणि अपमानाचा अपमान. उमाबाई ऐंशीच्या पुढच्या, जुन्या दरबारी घरातल्या, पांढऱ्या लुगड्यातल्या. त्या एकेकासमोर थांबत, “हात पुढे करावा,” म्हणत आणि सोललेल्या कातडीवर बोट असे फिरवत की जणू अक्षरे गिरवीत आहेत. अंकुरचे तळवे लाल झाले होते, मधोमध फोड आले होते. तो “आई गं, दादी, जरा धीरे,” करत होता. कारखान्यातल्या तिघांच्या बोटांच्या पेरांतून रक्त आले होते.

मग त्या शंतनूसमोर आल्या. “आपण मास्तर का? हात पुढे करावा.”

त्याने हात पुढे केले. उमाबाईंनी ते पाहिले. मग चष्मा नाकावर नीट बसवून पुन्हा पाहिले.

“देवाच्या कृपेने आपले हात फुलासारखे राहिले हो,” त्या म्हणाल्या.

“पकड शास्त्रशुद्ध असली की घर्षण कमी होतं, आजी,” शंतनू घाईने म्हणाला. “बोटांचा कोन... अंगठा वरून घ्यायचा असतो.”

“असेल, असेल. आम्हांस त्यातले काय कळते?” त्यांनी वाटीत बोट बुडवले. “रीत आहे, लावून घ्यावी.” आणि त्यांनी त्या अखंड, गुळगुळीत तळव्यांवर हळद लावली, दोन्ही हातांना, सावकाश, कुठेही कमी पडू न देता.

शेजारी गोपाळराव आपली पाळी येण्याची वाट पाहत उभे होते. त्यांचे गुडघे फुटले होते. त्यांनी शंतनूच्या हातांकडे पाहिले, मग दूरवर दिसणाऱ्या धारच्या किल्ल्याकडे पाहू लागले.

परतीच्या बसमध्ये ते त्याच्याच शेजारी बसले. घाटाबिल्लोद मागे पडल्यावर गोपाळराव म्हणाले, “तुला कुठं लागलं नाही ना?”

“नाही.”

“बरं झालं.”

त्या आठवड्यात गोपाळरावांचे पडणे देवासच्या मराठी समाजात सर्वांना तोंडपाठ झाले. मंडळाच्या व्हॉट्सॲप समूहावर ते जमिनीवर पालथे असल्याचा फोटो आला, मग त्यावर गोल करून बाण आले, मग त्याचे स्टिकर झाले. काका आता थकले, असे आधी सहानुभूतीने म्हटले गेले. मग चार बोटे राहिली होती हो, असे हळहळीने. मग केव्हाच बाजूला व्हायला हवे होते, असे उघडपणे. मंगळवारी जयसिंगरावांनी शंतनूला फोन केला. “शास्त्रीय कारण लिहून आण. म्हाताऱ्याला नुसतं जा म्हणवत नाही. कागद असला की बरं पडतं. तुझ्या कागदावर ठरवू.”

कागद ही शंतनूची जागा होती. कागदावर त्याचे हातपाय परके वाटत नसत. त्याने पाच दिवस लिहिले, खोडले, पुन्हा लिहिले. त्यात कुठेही असत्य नव्हते, ही त्याच्या दृष्टीने महत्त्वाची बाब होती. गोपाळरावांचे संतुलन चाचणीत खरोखरच चार सेकंद होते. वय खरोखरच एकसष्ट होते. सराव थांबला की कमावलेली क्षमता ओसरते, हे तत्त्व पाठ्यपुस्तकातच होते आणि निवृत्त माणसाला लागू पडत होते. एकेक वाक्य खरे होते. ती खरी वाक्ये शंतनूने अशा निगुतीने रचली होती की त्यांच्यामधून सातवी जागा दिसू नये. चौथ्या पानावर ती एकदाच आली होती, ‘पुनर्रचित’ या शब्दाच्या आडोशाला. फक्त रात्री दिवा मालवल्यावर तळहातांना एक आठवण येई, चटक्याची नव्हे, चटका थांबल्याची. केवढे हलके वाटले होते. मग तो कूस बदले आणि स्वतःला सांगे, पकड बदलताना हात क्षणभर मोकळे होतातच, त्याला काही म्हणत नाहीत.

दहाला पाच मिनिटे असताना तो सभागृहात पोहोचला. भिंतीवर रिकामा खिळा होता. त्याच्याभोवती अकरा वर्षांच्या कुंकवाचा डाग पडला होता. पोहे वाटून झाले होते. आठही जण आले होते. सहांच्या हातांवर पट्ट्या होत्या, त्यामुळे ते बश्या बोटांच्या टोकांनी धरत होते. अरविंदांना अर्थातच पट्टी नव्हती, पण ते आपल्या रक्तदाबाचे आकडे सांगून सर्वांच्या बरोबरीने बसले होते. गोपाळराव कोपऱ्यातल्या खुर्चीवर, एक पाय लांब करून. मांडीवर पट्ट्याची गुंडाळी. चिटणीस नलिनीताई इतिवृत्ताची वही उघडून तयार होत्या.

“हं, थोडक्यात सांग,” जयसिंगराव गरजले.

शंतनूने बारा पाने थोडक्यात सांगायला अर्धा तास घेतला. घटक झाले, तत्त्वे झाली. “संतुलन या घटकाचा आठव्या जागेवर आढळलेला अभाव,” तो म्हणाला, “आणि वयोमानानुसार येणारी क्षमतेची ओहोटी...”

“म्हणजे काकांचा पाय घसरला,” अंकुरने पोह्यांवरची शेव वेचत विचारले. “एवढंच ना, भिया? बारा पानं?”

“घसरला,” कोपऱ्यातून गोपाळराव म्हणाले. “पायच घसरला माझा.”

सभागृहात क्षणभर सगळे अवघडले; मग सगळ्यांना सुटल्यासारखे वाटले, कारण आता कुणालाच काही म्हणावे लागणार नव्हते. जयसिंगराव घसा साफ करून म्हणाले, “गोपाळराव, बावीस वर्षं केलंत. मंडळ विसरणार नाही. शाल-नारळ देऊच आपण.”

“शाल आहे,” गोपाळराव म्हणाले.

ते उठले. गुडघा दुखत असावा, कारण टेबलापर्यंत यायला त्यांना वेळ लागला. त्यांनी पट्टा शंतनूच्या अहवालावर ठेवला. गोणपाटाला नवे टाके घातलेले दिसत होते. फरफटीत उसवले असेल ते त्यांनी या आठवड्यात शिवून काढले होते.

“मुलाला काल सांगितलं, येतो म्हणून. पुढच्या महिन्यात सामान हलवू.” मग शंतनूकडे पाहून, “हा तू ठेव. तुझ्या मापाला दोन भोकं पुढं पाडून घे.”

“मी?”

“बरा असतो रे पट्टा. सुरुवातीला दडपण येतं. पण दोर एकदा अंगाला गुंडाळला की मग सोडावा की धरावा, ते आपल्या हातात राहत नाही. तेवढी काळजी मिटते.”

शंतनूने त्या आवाजात टोमणा शोधला. जन्मभर लोकांच्या बोलण्यातले टोमणे शोधण्याचा त्याला सराव होता. ती एकच क्षमता त्याने वाढत्या भाराने कमावली होती. त्याने प्रत्येक शब्द उलटून पाहिला. टोमणा नव्हता. गोपाळराव त्याला खरोखरच एक सोय सांगत होते, ज्याला तिची गरज आहे त्याला.

“तर ठराव लिहा,” जयसिंगराव म्हणाले. “खुंट्याच्या जागेवरून गोपाळरावांना सन्मानाने निवृत्त करण्यात येत आहे. पुढचा विषय, वार्षिक सहल. मांडू की अमझेरा?”

“मांडू नको बुवा, दर वेळी हरलो की मांडूच!” कुणीतरी म्हणाले. सगळे हसले. गोपाळराव दाराकडे वळले होते.

“थांबा हो,” नलिनीताईंनी पेन वर केले. त्यांना अर्धवट इतिवृत्त चालत नसे. “ठरावाला कारण लिहावं लागतं. पाय घसरला, एवढंच लिहू? शंतनू, तुझ्या शास्त्रीय भाषेत एका ओळीत सांग बाबा. काय लिहू?”

सभागृहाची खिडकी पूर्वेकडे होती. टेकरी ओलांडून आलेले ऊन आता टेबलावर पूर्ण पसरले होते, पोह्यांच्या बश्यांवर, पट्ट्यावर, त्याच्या खाली अर्ध्या झाकल्या गेलेल्या शीर्षकावर, आणि पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना उताण्या पडलेल्या त्याच्या तळव्यांवर. त्याने हात मागे घेतले नाहीत. अंकुरचे लक्ष गेले. त्याने आपल्या पट्ट्या बांधलेल्या हातांकडे पाहिले, मग पुन्हा शंतनूच्या हातांकडे, आणि त्याच्या तोंडातली शेव चावायची राहिली.

“काय लिहू?” नलिनीताईंनी पुन्हा विचारले.

“लिहा,” शंतनू म्हणाला. “दोर मी सोडला.”